भेट दोघांची असते



माणसाला माणूस भेटणे ही गोष्ट आपण इतकी सोपी धरून चालतो की ती कुणाला शिकावी लागत असेल, हे आपल्या ध्यानीमनीही येत नाही. समोरच्याने नजर दिली की आपण नजर देतो. तो हसला की हसतो. तो बोलायचा थांबला की आता आपली पाळी आली, हे ओळखतो. यातले काहीच कुणी फळ्यावर लिहून शिकवलेले नसते. पण काही लेकरांना नेमके हेच सर्वांत अवघड जाते. अशा मुलांना मराठीत स्वमग्न म्हणतात. माझ्या लेकीचा मुलगा त्यांच्यातलाच. आता नऊ वर्षांचा आहे. त्यामुळे हा विषय माझ्यासाठी पुस्तकातला राहिलेला नाही.

लिओ कॅनर या डॉक्टरांनी १९४३ साली अमेरिकेत अशा अकरा मुलांचे वर्णन करून या अवस्थेला वैद्यकशास्त्रात जागा दिली. पुढे काही वर्षे मोठमोठ्या तज्ज्ञांनीच असे सांगितले, की आईच्या मायेचा ओलावा कमी पडला म्हणून मूल असे होते. हे मत सपशेल खोटे ठरले. मुलाच्या मेंदूची घडणच जन्मतः वेगळी असते, आईच्या मायेचा त्यात दोष नसतो. आपल्या देशातही २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेची स्वतंत्र नोंद आहे. तरी लग्नकार्यात, बारशात माझ्या लेकीला अजून ऐकावे लागते, "फार लाडावून ठेवलाय गं", "मोबाइल दिला असशील हातात". शास्त्राने सोडून दिलेले आईवरचे आळ आपल्या ओसरीवर अजून बसलेलेच आहेत.

मध्यंतरी लेक म्हणाली, "आबा, परदेशात अशा मुलांना यंत्रमानवाकडून शिकवतात." ऐकून कुणाच्याही मनात यावा तोच प्रश्न माझ्या मनात आला. ज्याला स्वतःला सुखदुःख नाही, ते यंत्र माणसांत कसे वागावे हे काय शिकवणार? तिने मला त्याविषयी बरेच वाचून दाखवले, समजावून सांगितले. त्यातले जे मनाला पटले, ते इथे मांडतो.

इंग्लंडमधील हर्टफर्डशायर विद्यापीठात कर्स्टिन डाउटेनहान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'कॅस्पर' नावाचा यंत्रमानव तयार केला. २००५ पासून तो मुलांमध्ये वावरतो आहे. उंचीने लहान मुलाएवढा, अंगात मुलाचेच कपडे, चेहरा मात्र मुद्दाम अगदी साधा ठेवलेला. डोळे मिटतो, मान हलवतो, हात हलवतो, ढोलकं वाजवतो. बस्स, एवढेच. यंत्र बनवणाऱ्याला त्याहून हुबेहूब चेहरा करता आला नसता असे नाही. पण तो साधा ठेवण्यातच सगळी हुशारी आहे.

माणसाचा चेहरा किती बोलतो पाहा. मी नातवाला "ये" म्हणतो तेव्हा माझ्या भुवया हलतात, ओठ हलतात, हात हलतो. सकाळचे "ये" वेगळे, दमलेल्या संध्याकाळचे वेगळे. आपल्याला यातले सार आपोआप कळते. त्याच्यापर्यंत मात्र सगळे एकदम येते, भर बाजारात दहा जणांनी एकाच वेळी हाका माराव्यात तसे. मग तो तोंड फिरवतो आणि लोक म्हणतात, मूल उद्धट आहे. कॅस्परचे "ये" शंभर वेळा ऐकले तरी तसेच असते. तो चिडत नाही, कंटाळत नाही, शेजारणीकडे पाहून सुस्कारा टाकत नाही. पुढे काय होणार हे मुलाला ठाऊक असते, म्हणून भीती सरते आणि भीती सरली की शिकायला जागा होते.

त्याच्या अंगात स्पर्श ओळखणारी साधने बसवलेली आहेत. गुदगुल्या केल्या तर तो तसे सांगतो, जोरात मारले तर दुखले म्हणतो. खऱ्या मुलाला मारले तर ते रडते, त्याची आई धावते, गलका होतो आणि त्या गलक्यात आपल्या लेकराला कशामुळे काय झाले हेच उमगत नाही. कॅस्परजवळ गलका नाही. मारले, दुखले. हळू हात लावला, बरे वाटले. कारण आणि परिणाम शेजारी शेजारी ठेवलेले. शिवाय शिकवणारी व्यक्ती जवळ असतेच. "बघ, त्याला दुखलं. आता कसा हात लावशील?" असे ती विचारते. कधी दोन मुलांना एकत्र बसवतात. एकाने कळ दाबून कॅस्परचे हात हलवायचे, दुसऱ्याने तशी नक्कल करायची, मग पाळी बदलायची. खेळ यंत्राचा असतो, पण नजर हळूहळू शेजारच्या मुलाकडे वळते.

अमेरिकेतील येल विद्यापीठात ब्रायन स्कासेलाटी यांच्या गटाने हेच काम घराघरांत नेले. त्यांचा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. बारा मुले, रोज अर्धा तास, एक महिना. मूल, घरातले मोठे माणूस आणि टेबलावरचा छोटा यंत्रमानव असे तिघे मिळून खेळ खेळत. यंत्रमानव मुलाकडे पाही, मग आईकडे पाही आणि आपण कुठे पाहायचे हे मुलाला न सांगताच सुचवी. महिनाअखेर या मुलांचे मोठ्यांबरोबर एकाच गोष्टीकडे मिळून लक्ष देणे सुधारलेले दिसले, तेही यंत्र समोर नसताना. बारा मुले म्हणजे थोडीच, एक महिना म्हणजे थोडाच काळ. त्यावरून मोठे दावे करू नयेत. पण एक गोष्ट माझ्या मनात ठसली. यंत्राला एकट्याने शिकवायला ठेवलेले नव्हते. रोज त्या खेळात घरचे माणूस बसलेले होते.

चंद्रभागेला पाणी असले की नावाडी आपल्याला पैलतीरी सोडतो. तो आपल्याबरोबर पुढे चालत येत नाही आणि आपणही नावेतच घर करत नाही. या यंत्राचे काम तेवढेच. मूल यंत्रातच रमून राहिले, तर नाव फुकट गेली म्हणायची. मूल उतरले आणि काठावर कुणीच उभे नसले, तरी फुकटच गेली. इथून पुढचा प्रश्न यंत्राचा नाही, आपला आहे.

कारण या साऱ्या शिकवण्यावर एक आक्षेप आहे आणि तो खुद्द स्वमग्न माणसांनीच घेतला आहे. ते म्हणतात, आम्हाला नजर द्यायला शिकवता, पण कित्येकांना समोरच्याच्या डोळ्यांत पाहणे सोसत नाही. आम्ही मन मारून तुमच्यासारखे वागायला शिकतो आणि आतून थकून जातो. डेमियन मिल्टन हे असे एक अभ्यासक. ते स्वतः स्वमग्न आहेत. २०१२ साली त्यांनी मांडले, की समजण्यातली अडचण दोन्ही बाजूंची आहे. स्वमग्न माणसाला इतरांचे मन कळत नाही, हे सगळे सांगतात. पण इतरांना तरी त्याचे मन कुठे कळते? मग शिकायचे ते त्याने एकट्यानेच का?

हे ऐकले आणि मला वारीची वाट आठवली. दोन वारकरी भेटले की कोण आधी वाकतो, हे पाहत नाहीत. दोघेही एकदमच एकमेकांच्या पायांशी वाकतात. वय, जात, शिक्षण, कशाचाही हिशेब न करता. एकाने ताठ उभे राहायचे आणि दुसऱ्यानेच वाकत राहायचे, याला आपण भेट म्हणत नाही. मग या लेकरांच्या बाबतीतच आपण ताठ का राहतो?

आमच्या घरी यंत्रमानव नाही, तो परवडणाराही नाही. पण त्याच्यापासून एक गोष्ट घेता आली. संध्याकाळी हरिपाठाच्या वेळी मी आणि नातू टाळ घेऊन बसतो. रोज तीच जागा, तेच आसन, तेच शब्द. "आता आबा." मी दोनदा वाजवतो. "आता तू." तो दोनदा वाजवतो. आवाज हळू, कारण मोठ्या आवाजाने त्याला त्रास होतो. सुरुवातीला तो टाळ नुसते ओळीने मांडून ठेवी. मीही त्याच्या शेजारी माझे टाळ ओळीने मांडले, कारण त्याच्या खेळात मी गेल्याशिवाय तो माझ्या खेळात येणार नव्हता. असे काही महिने गेले. आता माझी पाळी संपेपर्यंत तो थांबतो आणि मी मुद्दाम उशीर केला तर स्वतःच म्हणतो, "आता आबा." तो माझ्याकडे पाहत नाही, टाळाकडे पाहतो. मला त्याचे काही वाटत नाही. पाळी त्याने ओळखली, म्हणजे समोर कुणीतरी आहे हे त्याने ओळखले.

माउली, लेकीच्या मनात रात्रंदिवस एकच प्रश्न असतो, "आमच्यामागे याचं कसं होणार?" याचे उत्तर कुठल्याही विद्यापीठातल्या यंत्राकडे नाही. ते गावाकडे आहे, देवळाकडे आहे, दिंडीकडे आहे. म्हणून एक विनंती करतो. कीर्तनात एखादे मूल कानांवर हात ठेवून बसले, तर त्याचे हात ओढून काढू नका. ते उठून फेऱ्या मारू लागले, तर आईकडे वळून पाहू नका. त्याला मागे, मृदंगापासून दूर, मोकळी जागा द्या. पंगतीत त्याने एकच पदार्थ मागितला, तर तोच वाढा. त्याला काही विचारलेत, तर उत्तराला वेळ द्या, मनात दहा अंक मोजा आणि मगच पुन्हा विचारा. ते पाहणार नाही, हसणार नाही, कदाचित नमस्कारही करणार नाही. तरी तुम्ही वाका. ते कधीतरी आपल्या पद्धतीने वाकेल, तेव्हा ते ओळखता यावे, एवढा अभ्यास आपण करू.