जमीन कुणाची?

"दुकान भाड्यानं घेऊ नको, विकतच घे," असं मी भिलाईत कितीतरी जणांना सांगत आलो. आज तो सल्ला मागे घेतो.

माझा हट्ट क्वार्टरमधून आला. बाबा पोलाद कारखान्यात होते. माझं सारं बालपण कारखान्याच्या वसाहतीत, सेक्टरमध्ये गेलं. अंगणातला पेरू आईनं लावलेला. बाबा निवृत्त झाले आणि काही महिन्यांत किल्ली परत केली. पेरू तिथंच राहिला. स्वतःची जागा असावी, हे तेव्हा मनात जे बसलं ते बसलंच.

म्हणून २०१४ साली भाच्याला सेक्टरच्या मार्केटमधलं एक दुकान घ्यायला लावलं. अठरा लाख. मुखत्यारपत्र, करारनामा, पैशांची पावती. सगळे असंच करतात, असं विकणारा म्हणाला आणि मीही मान डोलावली. दोन वर्षांनी भाचा कर्जासाठी बँकेत गेला. तिथल्या बाईंनी लीजचा कागद त्याच्याकडे फिरवला आणि पेन्सिलीनं दोन ठिकाणी खूण केली. नाव मूळ वाटपधारकाचं. मुदत संपायला सात वर्षं.

म्हणजे घेतानाच नऊ उरली होती. अठरा लाखांना नऊनं भागा: वर्षाला दोन लाख, महिन्याला साडेसोळा हजारांच्या वर. रुळांपलीकडे सुपेल्यात तेवढाच गाळा आम्हाला बारा हजारांत मिळत होता. हा हिशेब मी मांडलाच नव्हता.

मुखत्यारपत्रानं मालकी जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं सूरज लॅम्प खटल्यात २०११ सालीच स्पष्ट केलं होतं. सेक्टरमध्ये तर जमीन कारखान्याची. विकणाऱ्याच्या हाती फक्त लीज. मुदत संपल्यावर गाठ पडते ती १९७१ च्या सार्वजनिक जागांच्या बेदखली कायद्याशी. तिथे सुनावणी संपदा अधिकाऱ्यापुढे, दिवाणी कोर्टात नाही.

आता कुणी विचारलं तर मी भाव शेवटी काढतो. आधी जमीन कुणाची, मग वर्षं किती उरली, मग लीज दुसऱ्याच्या नावावर करायला लेखी मंजुरी मिळते का. खासगी जागा असेल तर जरूर घ्या. पण भुइयाँ या जमीन-नोंदींच्या सरकारी पोर्टलवर खसरा आणि बी-१ बघा, व्यापारी वापराचं डायव्हर्शन झालंय का तेही. आणि भाड्याला मी आता कमी लेखत नाही. फक्त अकरा महिन्यांच्या करारावर फर्निचर करू नका. वर्षाहून मोठी लीज नोंदवावी लागते, ती नोंदणी टाळायलाच हे अकरा महिने आले. मुद्रांकाचा खर्च सोसा, पाच वर्षांची लीज नोंदवा. भाडेवाढ किती टक्के, गळकं छत कोण दुरुस्त करणार, सगळं लिहून घ्या.

भाच्याची मी माफी मागितली. तो चिडला नाही. एवढंच म्हणाला, "मामा, तो कागद सौद्याच्या दिवशीही टेबलावरच होता."