बातमीची शेवटची ओळ

जानेवारी 2021 मधली कात्रणं आज चाळली. पाटोदा तालुक्यातल्या मुगगावात कावळे मरून पडले, भोपाळच्या प्रयोगशाळेचा अहवाल आला, बर्ड फ्लू निघाला. शेजारच्या परभणी जिल्ह्यात, मुरुंब्याला, कोंबड्या दगावल्या. मथळ्यांत ‘थैमान’, ‘दहशत’. फोटो पांढऱ्या सुटातल्या माणसांचा, कुठल्या गावचा कोण जाणे. आणि मेलेला पक्षी उघड्या हातानं उचलू नका, अंडी-मांस 70 अंशांवर नीट शिजलं की विषाणू मरतो, हे अगदी तळाच्या परिच्छेदात. जागा कमी पडली की कात्री तिथंच लागते. परसात चार कोंबड्या पाळणाऱ्या बाईला नेमकं तेच हवं असतं आणि तेच कापलं जातं, याचा मला फार राग येतो.

2022 मध्ये गुरांमध्ये लम्पीची साथ आली तेव्हाही तेच. हा रोग माणसाला होत नाही, तो डास, माश्या, गोचीड पसरवतात, शेळ्यांच्या देवीची लस गुरांना चालते; हे पहिल्या ओळीत यायला हवं होतं. लोक मात्र दुधालाच घाबरले. दुभती गाय गेली तर सरकारनं 30,000 रुपये, बैलाला 25,000, वासराला 16,000 जाहीर केले होते. एवढी चौकट रोज पहिल्या पानावर छापायची. पंचनाम्याला कुणाला बोलवायचं, तेही त्यातच.