रंधा जुना की नवा?

शंभर दाणे मोजून उगवण तपासा, मगच पेरा, असे गावोगाव सांगत फिरणारा मी. पण वडिलांचा लाकडी रंधा भंगारात टाकायला काढला आणि तालुक्याहून नवा लोखंडी आणला, तेव्हा काहीच तपासले नाही.

पावसाने फुगलेल्या दाराला रंधा मारायला घेतला, तर नवा उड्याच मारू लागला. शेवटी सुतारमामांना बोलावले. त्यांनी रंध्याच्या तळाला पट्टी लावून उजेडाकडे धरली. मध्ये फट!

"साहेब, तळ घासून सपाट करा, पात्याला धार लावा. मग चालेल हा."

जुन्याचा तळ मात्र सरळ निघाला. पात्यात पोलाद शिल्लक होते, गंज धारेपर्यंत पोचला नव्हता. त्यांनी सैल पाचर तेवढी बदलली, आणि कागदासारखी साल सरसर निघाली.

स्क्रूने पाते वरखाली करायचा लोखंडी रंधा तरी कुठे नवा? अमेरिकेत लिओनार्ड बेलीने तो १८६० च्या दशकातच घडवला होता.

तेव्हा मंडळी, रंध्याचे वय पाहू नका. तळ आणि पाते पाहा. जुन्याचे तोंड झिजून फार रुंदावले असेल, तर मात्र सुताराला विचारल्याशिवाय घेऊ नका.

वडिलांचा रंधा आता फळीवर आहे. त्याच्या पात्याला तेल मीच लावतो.