इंजिन बदलायचं की बांधायचं?

मित्रांनो, पोस्ट लांब आहे. पण ज्यांच्या दारात दहा-पंधरा वर्षांची गाडी उभी आहे आणि त्या गाडीवर घर चालतं, त्यांनी वेळ काढून वाचावी.

तालुक्याच्या गावात नुसत्या बातमीदारीवर पोट भरत नाही, हे तुम्हाला नव्यानं सांगायला नको. म्हणून मी पेपरची एजन्सीही चालवतो. पहाटे गठ्ठे उतरतात आणि ते अकरा गावांत पोचवायला माझ्याकडे २००८ची मारुती ओम्नी आहे. पंधरा वर्षं झाली तेव्हा रिपासिंगही करून घेतलं. एप्रिल २०२२पासून चारचाकीची ती फी सहाशेवरून पाच हजार झाली आहे, वर पर्यावरण कर वेगळा. एवढं भरल्यावर गाडी आणखी काही वर्षं ओढायची, हा हिशोब.

यंदा पावसाळा संपता संपता गाडी निळा धूर टाकायला लागली. ऑइल प्यायला लागली, चढाला दम सोडायला लागली. आमच्या मिस्त्रीमामांनी चालू इंजिनवर ऑइलचं झाकण काढलं, फकफक येणाऱ्या वाफेवर हात धरला आणि म्हणाले, "पत्रकार, बॅक कॉम्प्रेशन आलंय. इंजान उतरावं लागतंय."

तिथून पुढे माझ्याकडे तीन वाटा होत्या. नवी असेंब्ली घ्यायची, भंगारबाजारातून चालू स्थितीतलं जुनं इंजिन आणायचं, किंवा आहे तेच इंजिन खोलून नव्यानं बांधायचं. नव्याची चौकशी केली, पण आकडा गाडीच्या बाजारभावाजवळ गेला, म्हणून तो विषय तिथंच संपला. उरल्या दोन वाटा.

आधी वहीतला हिशोब

हे माझ्या गाडीचे आकडे आहेत. तुमच्याकडे वेगळे असतील.

जुनं इंजिन २२ हजार. काढणं-बसवणं ४ हजार. गाडी दोन दिवस बंद, तेवढे दिवस गठ्ठ्यांना भाड्याचा टेम्पो, रोजचे ९०० रुपये. एकूण २७ हजार ८००.

इंजिन बांधायचं तर सामान २० हजार ५००, लेथ-बोअरिंगचं काम साडेपाच हजार, मिस्त्रींची मजुरी ८ हजार. गाडी अकरा दिवस बंद, म्हणजे टेम्पोचे ९ हजार ९०० आणखी. एकूण ४३ हजार ९००.

फरक १६ हजार १०० रुपयांचा. पेपरच्या कमिशनवर जगणाऱ्या माणसाला ही रक्कम लहान नाही. घरात विचारलं तर उत्तर काय येणार हे ठरलेलंच होतं, आणि तेच आलं. "स्वस्तातलं घ्या आणि मोकळे व्हा."

तरी मी बांधायचं ठरवलं. का, ते सांगतो. कारण हा प्रश्न माझ्या एका गाडीपुरता नाही.

मोजल्याशिवाय बोलायचं नाही

मामांनी सगळ्यात आधी प्लग काढून कॉम्प्रेशन गेज लावला. तीनपैकी दोन सिलिंडर कमी दाखवत होते. मग त्या सिलिंडरात चमचाभर ऑइल सोडून परत स्टार्टर मारला. काटा वर चढला. याचा अर्थ रिंगा आणि बोअर झिजलेत. ऑइल घालूनही काटा तिथंच राहिला असता तर संशय व्हॉल्व्हवर गेला असता. आणि शेजारशेजारचे दोन सिलिंडर सारखेच पडलेले असते आणि ऑइलनंही फरक पडला नसता, तर हेड गॅस्केटवर. ही तपासणी अर्ध्या तासाची आहे. ती न करता "इंजिन गेलं, बदला" असं कुणी सांगत असेल तर तिथून उठा आणि दुसऱ्याला दाखवा.

मग इंजिन खोललं. बोअर गेजनं मोजल्यावर दिसलं की बोअर वरच्या अंगाला जास्त खाल्ला गेलाय. तसंच होतं. वर उष्णता जास्त, ऑइल कमी, आणि स्फोटाचा दाब तिथंच. शिवाय पिस्टन दोन बाजूंना जास्त घासतो म्हणून बोअर गोल न राहता लंबगोल होतो. अशा बोअरमध्ये नुसत्या नव्या रिंगा टाकून देणारेही आहेत. पैसे वाचतात, महिना-दोन महिने धूर कमी होतो, आणि परत पहिले पाढे पंचावन्न. गोल रिंग लंबगोल भोकाला चिकटणार कशी?

आमच्या गाडीचा ब्लॉक बिडाचा, म्हणून तो पुन्हा बोअर करता येतो. अर्धा मिलिमीटर वाढवून बोअर केला, होनिंग केलं, त्या मापाचे ओव्हरसाइज पिस्टन पुण्याच्या नाना पेठेतून मागवले. क्रँकला ओरखडे नव्हते. तो मोजून, पॉलिश करून परत वापरला, बेअरिंग नवी टाकली. हेड फेसिंग करून घेतलं, व्हॉल्व्ह घासून बसवले, ऑइल पंप बदलला. बसवताना प्रत्येक रिंगचा गॅप पात्यानं तपासला, हेडचे बोल्ट मधून कडेला ठरलेल्या क्रमानं, टॉर्क पान्यानं आवळले. यातलं बरंच काम माझ्या डोळ्यांसमोर झालं. अकरा दिवस रोज दुपारी मी गॅरेजमध्ये जाऊन बसत होतो.

त्या १६ हजारांत मला जे मिळालं ते हे. माझ्या इंजिनात काय आहे हे मला माहीत आहे. प्रत्येक माप वहीत आहे.

जुनं इंजिन म्हणजे कुणाचं इंजिन?

बाजारातलं इंजिन बंद पेटीसारखं असतं. किती किलोमीटर चाललं, कधी तापलं, कुठल्या गाडीतलं, काही कळत नाही. "चालू स्थितीत आहे, तीन महिन्यांची गॅरंटी," पण ती गॅरंटी तोंडी. बिल मागितलं की समोरचा माणूस आपल्याकडे असा बघतो, जसं काही आपण त्याचा अपमान केलाय.

मला बिल मिळालं नाही. इंजिन ज्या गाडीतून काढलं तिच्या कागदांची झेरॉक्सही मिळाली नाही. दुकानदाराचं नाव घेत नाही, कारण हा एका माणसाचा दोष नाही, सगळीकडे असंच चालतं. पण एवढं लक्षात ठेवा. इंजिनवर नंबर ठोकलेला असतो आणि तो आरसी बुकात असतो. इंजिन बदललं की नंबर बदलतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे हा बदल आरटीओला कळवून नोंदवून घ्यावा लागतो, त्यासाठी १४ दिवसांची मुदत आहे. किती जण घेतात? पुढे अपघात झाला, विम्याचा दावा केला आणि नंबर जुळला नाही, की कंपनीचा माणूस हातात कागद घेऊन उभा राहतो. आणि ते इंजिन चोरीच्या गाडीतलं निघालं, तर उभा राहणारा माणूस खाकीतला असतो.

हे काही मी मनानं सांगत नाही. उत्तर प्रदेशात मेरठचं सोतीगंज हे जुन्या सुट्या भागांचं मोठं मार्केट होतं आणि चोरीच्या गाड्या कापण्यासाठी देशभर बदनाम होतं. डिसेंबर २०२१मध्ये पोलिसांनी ते बंद पाडलं. मार्केट बंद झालं म्हणजे धंदा संपला असं मानण्याइतके आपण भोळे नाही.

वास्तविक यावर सरळ मार्ग निघालेला आहे. २०२१मध्ये केंद्रानं गाड्या मोडीत काढण्याचे नियम केले, नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रांची व्यवस्था आणली. तिथं गाडी रीतसर मोडते, कागद तयार होतो. चांगले सुटे भाग अशा केंद्रातून बिलासकट तालुक्यापर्यंत पोचले, तर गरीब माणसाला स्वस्तात आणि बिनधास्त इंजिन मिळेल. आज आपल्या गॅरेजवाल्याला विचारा, असं बिलवालं जुनं इंजिन त्यानं कधी पाहिलंय का.

मग विकत घ्यायचंच नाही का?

तसं मी म्हणत नाही. ब्लॉकला तडा गेला असेल, कनेक्टिंग रॉड तुटून ब्लॉक फोडून बाहेर आला असेल, क्रँक मोडला असेल, तर बांधण्यात अर्थ नाही. शाळेची व्हॅन असेल, रुग्णवाहिका असेल, अकरा दिवस गाडी उभी ठेवणं परवडणारच नसेल, तरी विकत घेणं बरोबर ठरतं. तुमच्या भागात मापात काम करणारा बोअरिंगवाला नसेल, तर वाईट बांधलेल्या इंजिनापेक्षा चांगलं जुनं इंजिन बरं.

पण घेताना बिल आणि मूळ गाडीच्या कागदांची प्रत मागा. नंबर घासलेला किंवा नव्यानं ठोकलेला दिसला तर हात लावू नका. शक्य असेल तर इंजिन चालू करून, गरम करून कॉम्प्रेशन मोजा. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ चिकटा दिसला तर पाणी ऑइलमध्ये गेलंय, सोडून द्या. मॉडेल एकच असलं तरी कार्बोरेटरचं इंजिन आणि एमपीएफआयचं इंजिन यांचं वायरिंग वेगळं असतं, तेही बघा.

खरी काळजी दुसरीच आहे

माझ्या ब्लॉकचं बोअरिंग आपल्याच गावात झालं, एसटी स्टँडमागच्या गल्लीत. पूर्वी तिथं अशी तीन दुकानं होती. आज एक आहे. ते चालवणारे काका सत्तरीला आलेत. मुलगा पुण्याला कंपनीत आहे, तो परत येणार नाही, आणि यावं अशी त्यांचीही इच्छा नाही. मशिनचं काय करणार म्हणून विचारलं, तर म्हणाले, "गिऱ्हाईक आलंय किलोच्या भावानं."

हे आपल्या पट्ट्यात घडतंय, याचं जास्त वाईट वाटतं. साताऱ्यात कूपर यांच्या कारखान्यात १९३०च्या दशकात डिझेल इंजिन तयार होत होतं. कोल्हापूरच्या उद्यमनगरानं ऑइल इंजिनं आणि त्यांचे सुटे भाग बनवून शेकडो खेड्यांतल्या विहिरींवरचं पाणी हलवलं. तिथं शिकलेली माणसं तालुक्या-तालुक्यात पसरली, त्यांतूनच आपली ही गल्ली उभी राहिली.

बांधायचं की बदलायचं ही निवड त्या एका मशिनमुळे माझ्याकडे होती. ते भंगारात गेलं की निवड संपली. मग बिलाविना इंजिन घ्या, नाहीतर ब्लॉक घेऊन कोल्हापूर गाठा, दिवस मोडा, भाडं भरा. माझ्या खर्चातले साडेतेरा हजार, मजुरी आणि लेथ मिळून, याच गावात राहिले. पुढच्या वेळी तेही बाहेर जातील.

ओम्नी १९८४ला मारुती व्हॅन म्हणून आली, २०१९ला बंद झाली. पण तिच्यावर आजही भाजी, दूध, मंडपाचं सामान, शाळेची पोरं जातात. ही माणसं उद्या इलेक्ट्रिक गाडी घेणार नाहीत. त्यांना दुरुस्तीच लागणार आहे.

केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्यानं डिसेंबर २०२२मध्ये 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलं, त्यात मोटारीही आहेत. सप्टेंबर २०२५मध्ये सुट्या भागांवरचा जीएसटी २८वरून १८ टक्के झाला. दोन्ही गोष्टी चांगल्या. पण दुरुस्तीचा हक्क कागदावर मिळून उपयोग काय, दुरुस्ती करणारा हातच शिल्लक नसेल तर?

आपल्या आयटीआयमध्ये मेकॅनिक मोटर व्हेईकल हा दोन वर्षांचा ट्रेड आहे. त्यातली दोन पोरं सहा महिने काकांच्या दुकानात बसली, त्यांना विद्यावेतन मिळालं, आणि त्यांच्यातल्या एखाद्याला ते मशीन घ्यायला कर्जाची हमी मिळाली, तर हे काम वाचू शकतं. त्यासाठी कोट्यवधी लागत नाहीत. एका रस्त्याच्या भूमिपूजनाच्या मंडपाएवढा खर्च आहे. प्राचार्यांना आणि आमदारसाहेबांना मी या आठवड्यात लेखी निवेदन देतोय. तुमच्यापैकी गॅरेजवाले, टेम्पोवाले, व्हॅनवाले सोबत सही करणार असतील तर कळवा. आजूबाजूच्या तालुक्यांत कुठं बोअरिंग मशीन अजून चालू आहे, तेही लिहा, यादी करू.

काकांनी मशिनचा सौदा संक्रांतीपर्यंत थांबवलाय.