माडीच्या फळ्या

पुण्याच्या जुन्या पेठांतील वाडा खाली दगडाचा आणि वर सागवानाचा असे. 1828 च्या आगीत शनिवारवाडा जळाला आणि दगडी जोते व तट तेवढे उरले, ते याच कारणाने. व्यापाऱ्याच्या साध्या वाड्यात नक्षीकाम बेताचे असले, तरी रचना तीच असे. खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर फळ्या आणि फळ्यांवर मातीचा थर. खालून पाहणाऱ्याला तो कडीपाट दिसे. वर राहणाऱ्याची तीच जमीन असे.

रविवार पेठेतील असा एक वाडा पुनर्विकासासाठी उतरवण्यात आला. धान्याच्या व्यापारातील दोघा भावांनी लाकूड घनफुटावर मोजून निम्मे-निम्मे केले. प्रश्न उरला तो नक्षीच्या एका चौकटीचा. ती थोरल्या भावाकडे गेली. मात्र तिची किंमत काय धरावी यावर शब्दाने शब्द वाढला आणि पुढे तीन वर्षे दोन्ही घरांचे बोलणे थांबले. संवत्सरीला क्षमापनेचे छापील पत्र तेवढे न चुकता येई-जाई. त्यावरचा पत्ता मुनीमजींच्या अक्षरात असे.

धाकट्या भावाच्या वाट्याला आलेल्या लाकडात माडीच्या फळ्या होत्या. त्याच माडीवर वडिलांची बैठक होती, तेथेच दिवाळीला वहीपूजन होई. बिबवेवाडीच्या नव्या सदनिकेतील एका खोलीत तीच जमीन अंथरावी, असे त्यांच्या मनाने घेतले. मुलाने लॅमिनेटच्या तयार पट्ट्या सुचवल्या. दोन दिवसांत काम उरकले असते. पण त्या पट्टीवर लाकडाचे केवळ छापील चित्र असते. झिजली की ती घासून पुन्हा नवी करता येत नाही. सागाची जाड फळी पुनःपुन्हा घासता येते. वडिलांनी एवढेच सांगितले आणि मिस्त्रींना बोलावणे धाडले.

जूनचा पहिला आठवडा होता. मिस्त्रींनी फळ्या पाहिल्या, ठोकून ऐकल्या आणि म्हणाले, ‘‘शेठ, आत्ता नको. दिवाळीनंतर.’’

लाकूड तोडून शंभर वर्षे झाली, तरी ते हवेतील ओल घेते आणि सोडते. लांबीत ते जवळजवळ बदलत नाही. रुंदीत मात्र पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. ऐन पावसात फुगलेली फळी बसवली, तर वैशाखात तिच्या शेजारी फट पडते. कोरड्या उन्हाळ्यात भिंतीला घट्ट भिडवून बसवली, तर श्रावणात तिला जायला जागा उरत नाही आणि जमीन मधोमध उचलली जाते. म्हणून फळ्या त्याच खोलीत आणून, दोन थरांत आडव्या पट्ट्या घालून, वारा खेळेल अशा रचून ठेवण्यात आल्या. स्लॅबचीही परीक्षा झाली. प्लॅस्टिकचा तुकडा कडांनी चिकटवून एक दिवस-रात्र ठेवला. खाली दवाचे थेंब दिसले. दिवाळीनंतर तोच तुकडा कोरडा निघाला.

मधल्या काळात जुने खिळे उपटून काढण्यात आले. फळीत दडलेला एक खिळा रंधायंत्राचे पाते बिघडवतो, म्हणून मिस्त्री लोहचुंबक फिरवून पाहत. कुजलेली टोके आणि भोकांचे भाग कापल्यावर हिशेब लागला. खोली पंधरा फूट बाय बारा, म्हणजे 180 चौरस फूट. तूट धरून 200 फूट फळी हवी. हातात उरली 140 फूट. साठ फूट कमी पडत होती.

भवानी पेठेच्या टिंबर मार्केटमध्ये नवा साग हवा तेवढा मिळतो. पण मिस्त्री म्हणाले, ‘‘आज रंग लावून मिळवीन, शेठ. वर्षभराने जोड दिसेल.’’ त्याच माडीच्या उरलेल्या फळ्या थोरल्या भावाच्या गोदामात होत्या, हे सर्वांना ठाऊक होते. दोन दिवस कोणी तो विषय काढला नाही. तिसऱ्या दिवशी धाकट्यांनी फोन केला.

‘‘दादा, माडीच्या फळ्या लागताहेत.’’

‘‘किती?’’

‘‘साठ फूट.’’

पलीकडून फोन ठेवला गेला. चौथ्या दिवशी टेम्पो आला. त्यात सत्तर फूट फळ्या होत्या आणि सोबत बिल होते, वाटणीच्या वेळी ठरलेल्या दराचे, एक रुपया कमी नाही की जास्त नाही. घरातील गृहिणीला वाईट वाटले. ‘‘सख्ख्या भावाला बिल?’’ धाकट्यांनी त्याच दुपारी चेक पाठवला आणि म्हणाले, ‘‘बिल पाठवलं म्हणजे दादानं खातं बंद केलेलं नाही.’’

मग काम सुरू झाले. स्लॅबवर वॉटरप्रूफ प्लायवूड स्क्रूने पक्के केले. प्रत्येक फळीच्या एका कडेला खाच आणि दुसऱ्या कडेला जीभ काढली. खिळा जिभेतून तिरका मारला की वरून दिसत नाही. शेजारच्या दोन ओळींचे जोड एका रेषेत येऊ दिले नाहीत. चारही भिंतींलगत सुमारे अर्ध्या इंचाची फट सोडली. नंतर तीवर लाकडी पट्टी आली, पण ती भिंतीला ठोकलेली, जमिनीला नव्हे.

घासाई रेषेच्या दिशेने, 60, 80 आणि मग 120 नंबरच्या कागदाने झाली. काळवंडलेल्या फळ्यांतून मधाचा रंग वर आला. पॉलिशच्या वेळी आईंनी शंका काढली. स्पिरिट पॉलिशचा चपडा लाखेचा, लाख किड्यांची. आणि श्रावकाला वर्ज्य सांगितलेल्या पंधरा कर्मादानांत लाखेचा व्यापार येतो. मिस्त्रींनी जवसाचे तेल सुचवले. पातळ हात द्यायचा, उरलेले तेल पुसून घ्यायचे, काही दिवस वाळू द्यायचे आणि पुन्हा लावायचे. तेलाच्या चिंध्या त्यांनी रोज पाण्यात बुडवून ठेवल्या. चोळामोळा करून टाकल्या तर त्या आपोआप तापून पेट घेतात. वाळवीसाठी विषारी औषध मारावे लागले नाही. जुन्या सागाच्या गाभ्याला वाळवी सहसा लागत नाही.

पौषात थोरले भाऊ आले. दारात चप्पल काढून ते खोलीत शिरले, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सावकाश चालले आणि खाली पाहत म्हणाले, ‘‘यातल्या माझ्या कुठल्या?’’

‘‘आता मलाही सांगता यायचं नाही.’’

ते जमिनीवरच बसले. एका कोपऱ्यात पट्टी लावायची राहिली होती. त्यांनी फटीत बोट घातले. ‘‘ही कशाला सोडलीय?’’

‘‘पावसाळ्यात फुगतं, दादा. जागा ठेवावी लागते.’’

थोरल्यांनी मान हलवली. मग त्यांनी वहिनींकडे पाणी मागितले आणि ती चौकट या खोलीच्या दाराला बसेल का, ते मिस्त्रींना मोजून पाहायला सांगितले.