मागची चाके

आमच्या अंगणात दोन मोटारी उभ्या आहेत. त्यांतली एक दिवाळीनंतर जायची आहे. वाड्याच्या जागी इमारत उठणार आणि आमच्या वाट्याला एकाच मोटारीपुरती जागा येणार! कोणती ठेवायची, यावर घरात महिनाभर खल चालला आहे.

थोरली फियाट ११००, अण्णांनी १९६८ साली घेतलेली. धाकटी १९८७ची प्रीमियर ११८ एनई, माझ्या कमाईची. दोघींचा जन्म एकाच कंपनीतला. पण स्वभाव केवढे निराळे! थोरलीचा गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला, त्यामुळे पुढचे आसन ऐसपैस, बाकासारखे. धाकटीचा गिअर खाली, दोघांच्या मधोमध. थोरलीचे इंजिन १०८९ सीसीचे, इटालियन घराण्याचे. धाकटीचे अंग इटलीच्या फियाट १२४चे आणि काळीज जपानी निस्सानचे, ११७१ सीसीचे. धाकटी भरकन निघते; थोरली आधी घसा खाकरते.

एका बाबतीत मात्र दोघी सख्ख्या बहिणी. इंजिन पुढे, पण जोर मागच्या चाकांना. तो जोर नेणारा लांब दांडा पोटाखालून जातो, म्हणून मागच्या आसनापुढे उंचवटा येतो. घरातल्या धाकट्याने त्यावर पाय ठेवून मधे बसायचे, हा आमच्या घरचा कायदा. धाकटा मीच होतो. १९८३ साली पुढच्या चाकांनी ओढणारी मारुती ८०० आली आणि हळूहळू तो उंचवटाही घरोघरच्या आठवणींत जमा झाला.

लहानपणी एका पावसाळ्यात गावाकडच्या कच्च्या चढावर थोरलीची मागची चाके चिखलात गरगरू लागली. आम्ही ढकलायला उतरलो. अण्णा म्हणाले, “उतरता कशाला? सगळे मागे बसा. वजन मागे हवे.” पुढे बसलेली आई मांडीवरच्या फणसासकट मागे आली आणि गाडी निमूट चढली.

१९९१च्या श्रावणात त्याच चढावर मी धाकटी घेऊन अडकलो. गावी अण्णा अत्यवस्थ होते आणि मागे बसायला कुणी नव्हते. रस्त्याकडेचे जांभ्याचे चिरे उचलून डिकीत भरले, तेव्हा कुठे चाकांनी जमीन धरली. पोचलो, तेव्हा अण्णा शुद्धीवर होते.

“चढावर अडकलास?”

“डिकीत चिरे भरले.”

अण्णा हसले. त्यानंतर ते हसलेले मी पाहिले नाहीत.

शेवटी नव्वदीच्या आईलाच विचारले. ती म्हणाली, “कुठलीही ठेव. मला मागे बसायला जागा असली म्हणजे झाले.”

थोरली राहते आहे. काल धाकटीची डिकी रिकामी करायला गेलो. तळाशी, जुन्या गोणपाटाखाली, एक चिरा निघाला. तो तेवढा तुळशीवृंदावनाशी नेऊन ठेवला आहे. यंदाची पहिली पणती त्यावर लागेल.