गुरांच्या डॉक्टरांची ओळख आधी हवी



आपल्या फोनमध्ये दातांचे डॉक्टर, डोळ्यांचे डॉक्टर, नातवंडांचे डॉक्टर, सगळ्यांचे नंबर असतात. गोठ्यात गाय, अंगणात कुत्रा आणि पडवीत मांजर असलेल्या घरांत गुरांच्या डॉक्टरांचा नंबर असतोच असं नाही. बऱ्याच ठिकाणी तो गाय आडवी पडल्यावर शोधला जातो. मसुऱ्यातली माझी शेजारीण तिच्या मालवणीत म्हणते, "काकी, वळख आधी होयी, मगे फोन." तिच्या या एका वाक्यावरच आज लिहिते आहे.

जीवदया आपल्याला कुणी शिकवावी लागत नाही. मुंबईची पांजरपोळ १८३४ सालची. त्याआधी १८३२ मध्ये इंग्रज सरकारने भटकी कुत्री मारायला काढली, तेव्हा पारशी, जैन, हिंदू मंडळी रस्त्यावर उतरली होती. मग सर जमशेटजी जीजीभॉय आणि अमीचंद शाह यांनी पुढाकार घेऊन पांजरपोळ उभी केली. परळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय मात्र सुरू झालं १८८६ मध्ये. म्हणजे निवारा आधी आला आणि शिकलेला डॉक्टर पन्नास वर्षांनी. मला वाटतं आपल्या घरांतही अजून हाच क्रम चालू आहे. माया, चारा, पाणी सगळं आधी, आणि डॉक्टर सगळ्यात शेवटी.

अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार आपण लहानपणापासून ऐकतो: बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. मुक्या जीवाचं अन्नपाणी रोखणं हा जर दोष असेल, तर आपल्या आळसामुळे त्याला वेळेवर औषध न मिळणं हे त्याच्या फार लांब नाही. पाठशाळेत हे कुणी असं सांगितलं नव्हतं, पण गोठा सांभाळताना मला ते पटत गेलं.

आमच्याकडे अडचण काय आहे तेही सांगते. मसुऱ्याच्या वाड्या एकमेकींपासून लांब. पावसात झाड आडवं पडलं की रस्ता बंद, वीज जाते, फोनची रेंजही जाते. आंगणेवाडीच्या जत्रेत लाखो माणसं येतात, त्या दिवसांत गाडी हलत नाही. शहरासारखे गल्लोगल्ली दवाखाने नाहीत. सरकारी दवाखान्याच्या एका डॉक्टरांकडे कितीतरी गावं असतात. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा टोल फ्री नंबर आहे, तो जरूर लिहून ठेवा. पण पथक पोहोचेपर्यंत फोनवर कुणीतरी आपली गाय ओळखणारं असेल, तर तो वेळ वाया जात नाही.

आमच्या तांबूचं उदाहरण देते. ती जर्सीच्या संकराची, दुधाला चांगली. चौथ्या वेताला, श्रावणात, व्याल्यानंतर दुसऱ्या रात्री ती बसली ती उठेना. कान गार, मान वळवून पोटाशी टेकवलेली. डॉक्टरांनी फोनवर तीनच गोष्टी विचारल्या: कधी व्याली, कितवं वेत, वार पडली का. तिन्ही उत्तरं वहीत होती. ते म्हणाले, "दुग्धज्वर वाटतोय. तोंडात काही ओतू नका, तिला कुशीवर पडू देऊ नका, पोत्यांचा टेकू द्या, मी निघतो." शिरेतून कॅल्शियम द्यायचं होतं, म्हणून ते बाटल्या बरोबर घेऊनच आले. एका हाताने बाटली धरून आणि दुसऱ्या हाताने छातीचे ठोके तपासत त्यांनी ते हळूहळू सोडलं. उजाडायच्या आत तांबू उभी राहिली. ताप असेल म्हणून आपण या दुखण्याला ज्वर म्हणतो, पण यात अंग उलट थंड पडतं. घरचा काढा पाजत बसलो असतो, तर तो श्वासनलिकेत गेला असता.

त्या रात्री डॉक्टर आले ते आमच्यावर उपकार म्हणून नाहीत. ओळख दोन वर्षांपासूनची होती. मी कॉमर्सची. खात्यात आधी जमा असेल तरच अडीनडीला काढता येतं, हे मला पहिल्या वर्षीच शिकवलं होतं. ही जमा कशी करायची ते सांगते.

पहिली भेट जनावर धडधाकट असताना घ्या. २०२२ मध्ये लम्पीची साथ आली तेव्हा लसीकरणाचं पथक वाडीवाडीत फिरत होतं. ज्यांनी त्या दिवशी गुरं चरायला न सोडता दावणीला बांधून ठेवली आणि धरायला माणूस उभा केला, ती घरं डॉक्टरांच्या लक्षात राहिली. लाळ्या-खुरकूत, पावसाळ्याआधीची घटसर्प आणि फऱ्याची लस, या सगळ्या भेटी ओळखीच्याच असतात. कुत्रा असेल तर रेबीजची लस दरवर्षी. त्याच भेटीत विचारून घ्या: रात्री फोन केला तर चालेल का, तुम्ही रजेवर असाल तर कुणाला विचारायचं, घरी येण्याची फी किती, शस्त्रक्रिया लागली तर कुठे न्यायचं. फी त्याच दिवशी द्या, घासाघीस करू नका.

एक वही करा. कानातल्या बिल्ल्याचा १२ आकडी नंबर पहिल्या पानावर. १ जून २०२४ पासून बिल्ल्याशिवाय सरकारी दवाखान्याची सेवा मिळत नाही. पुढे लशी, जंताचं औषध, रेतनाच्या आणि विण्याच्या तारखा. अँटिबायोटिक दिलं तर डॉक्टर किती दिवस दूध वापरू नका म्हणाले तेही लिहा. ते दूध घरात नको, डेअरीला नको आणि अभिषेकालाही नको.

आता आपल्या घरांचा खास भाग. आपले नियम डॉक्टरांना आधीच आणि मोकळेपणाने सांगा. काही टॉनिकांत लिव्हर एक्सट्रॅक्ट असतो, काही खनिज मिश्रणांत हाडांचा चुरा असतो, घरगुती उपायांत मध सांगतात. आधी बोललेलं असेल तर डॉक्टर दुसरा पर्याय सुचवतात. गाय तडफडत असताना बाटलीवरची बारीक अक्षरं वाचायला कुणाला सवड असते?

कुत्र्या-मांजरांना काय खायला घालता तेही खरं सांगा. कुत्रा नीट आखलेल्या शाकाहारावर राहू शकतो. मांजराला टॉरिन नावाचा घटक लागतो आणि तो निसर्गात मुख्यतः प्राण्यांच्या मांसात असतो. तो न मिळाल्यास मांजराचे डोळे आणि हृदय बिघडतं. नुसत्या दूधभातावर मांजर पाळायचं मनात असेल, तर आधी डॉक्टरांशी बोला आणि त्यांचं उत्तर न आवडलं तरी ऐका. कांदा-लसूण कुत्र्या-मांजरांना विषारी, तिथे आपलं स्वयंपाकघर आयतंच सुरक्षित. मनुका मात्र कुत्र्याला घातक असतात, तेव्हा प्रसादाचा सुका मेवा त्याच्यापुढे टाकू नका.

आपली औषधं त्यांना देऊ नका. पॅरासिटामॉलने मांजर दगावतं. दुखण्यावरचं डायक्लोफिनॅक गुरांना दिलं, ती गुरं मेल्यावर गिधाडांनी खाल्ली आणि देशभरातली गिधाडं जवळजवळ संपली. म्हणून २००६ मध्ये गुरांसाठी त्यावर बंदी आली. एका गोळीची हिंसा कुठवर पोहोचते, पहा.

गोचिडांचा प्रश्न बऱ्याच जणी दबक्या आवाजात विचारतात. त्याही जीवच आहेत ना? पण २०१६ मध्ये आपल्याच जिल्ह्यात दोडामार्ग भागात माकडताप पसरला, तो गोचिडांतूनच. आमच्या डॉक्टरांनी मार्ग दाखवला: गोठा कोरडा ठेवा, भिंतींच्या भेगा बुजवा, चुना लावा, शेण रोज उचला. गोचीड झालीच नाही तर मारायची वेळही येत नाही. आधी विचारलं म्हणून हिंसा कमी झाली, असं मी समजते.

शेवटचं बोलणं सगळ्यात अवघड आहे, आणि तेच सगळ्यात आधी करून ठेवायला हवं. आमचा मोती चौदा वर्षांचा झाला, मूत्रपिंडं थकली. बऱ्याच घरांत अशा वेळी इंजेक्शनने दयामरण देतात. आम्हाला ते मान्य नव्हतं, आणि हे आम्ही तो चालता-फिरता असतानाच डॉक्टरांना सांगितलं होतं. त्यांनी वाद घातला नाही. एवढंच म्हणाले, "वेदना कमी करायला मी जमेल ते सगळं करीन. पण ते पुरत नसेल, तर तुमच्यापासून लपवणार नाही." शेवटचे नऊ दिवस सलाईन, वेदनाशामक आणि मऊ अंथरूण. यजमान आणि मी आळीपाळीने त्याच्याजवळ णमोकार म्हणत बसायचो. सातव्या रात्री तो फार कण्हला. तेव्हा आमचा निर्णय मलाही जड गेला. तुमच्या घरी काय करावं हे मी सांगणार नाही. पण हा विचार शांतपणे, दिवसाउजेडी, डॉक्टरांना समोर बसवून झालेला असावा, एवढं नक्की सांगेन.

आणखी एक छोटी गोष्ट. डॉक्टर येतील तेव्हा उजेड, गरम पाणी, साबण, टॉवेल तयार ठेवा, आणि जनावर बांधलेलं असू द्या. आपला चौविहार असला तरी रात्री दोन वाजता चिखल तुडवत आलेल्या माणसाला चहा विचारावा.

मृगाच्या आधी लशींची तारीख असतेच. त्या दिवशी वही घेऊन जा, डॉक्टरांना आपलं आणि गाईचं नाव सांगा, आणि नंबर फोनमध्ये घाला. घरातल्या दोघातिघांच्या फोनमध्ये घाला, कारण आपण पर्युषणात देवळात असतो आणि फोन घरी.